चौकोनी पडदा, लांबुळका पडदा

मंडळी, जुन्या लॅपटॉपवाल्यांची एक ठरलेली तक्रार असते. पूर्वीचे चौकोनी पडद्याचे लॅपटॉप पडले-झडले तरी चालायचे, हे लांबुळके आले आणि सगळं तकलादू झालं! यात तथ्य किती, ते हिशेबानेच पाहू.

२००५च्या आसपासचा, रुंदी-उंचीच्या ४:३ प्रमाणातला १४.१ इंची पडदा घ्या. रुंदी सुमारे २८.७ सेंटिमीटर, उंची २१.५. नंतर आलेला १६:९चा १४ इंची पडदा ३१ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम १७.४ उंच. आपण कर्ण मोजतो म्हणून दोन्ही चौदा इंची. क्षेत्रफळात मात्र दुसरा आठवा हिस्सा कमीच भरतो. गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही. असो.

दोन टोकांवर टेकवलेली फळी मध्ये दाबली, की तिचा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि ती जितकी रुंद तितका कमी होतो. वरचे आकडे घालून बघा. माल आणि जाडी तीच ठेवली, तर लांबुळकं झाकण जवळजवळ दीडपट जास्त वाकतं. तक्रार अगदीच खोटी नाही! पण त्याच सूत्रात जाडीचाही घन बसलाय. जाडी निम्मी केली की बाक आठपट. सडपातळ लॅपटॉपचं कौतुक करणारे आपणच, आणि शिव्या खातो आकार.

मला जास्त बोलायचंय ते बिजागरीबद्दल, ज्याला दुरुस्तीवाले हिंज म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एखाद्या दुरुस्तीवाल्याशेजारी थोडा वेळ उभे राहा. स्वस्त लॅपटॉपात हिंजचे स्क्रू छोट्या पितळी नटांत बसतात आणि ते नट नुसते प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. लांबुळक्या झाकणाचा इथे खरं तर फायदा आहे. वरची कड हिंजच्या चार सेंटिमीटरने अधिक जवळ, म्हणजे झटक्याची तरफ आखूड. पण आपण उघडतो कसं? डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हाताने एक कोपरा धरून. लांबचं हिंज मागे राहतं, झाकणाला पीळ बसतो, सगळा ताण जवळच्या हिंजवर येतो. झाकण रुंद आणि बुटकं असेल तेवढा पीळ जास्त. त्यात हिंज घट्ट झालेलं असलं, की नट प्लास्टिक फोडून बाहेर. मग अरल्डाइट हा घट्ट गोंद भरतात. पण आधी हिंज सैल केलं नाही, तर पुन्हा तिथेच तुटतं.

आता पडदे परत उंच होताहेत. २०१४चा मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ३ हा ३:२चा होता, २०२०मध्ये डेलचा एक्सपीएस १३ हा १६:१०चा झाला. हे वाचायच्या सोयीसाठी, टिकाऊपणा कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. त्याच २०२०मध्ये ॲपलला सांगावं लागलं, की कॅमेऱ्यावर झाकणी चिकटवून मॅकबुक मिटू नका, पडदा फुटेल. मिटल्यावर उरणारी फट इतकी अरुंद! तिथे प्रमाण कुठलंही असो, काय फरक पडतो?

मागून प्रश्न आलाय, घेताना बघायचं काय. पडदा चालू ठेवून पाठीमागून झाकणाच्या मध्यावर बोटाने हलकं दाबा, चित्रावर लाटा उठतात का बघा. मग मध्यावर धरून झाकण उघडा. खालचा भाग सोबत उचलला गेला, तर हिंज फार घट्ट आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.