आरक्षणाचा लाभ नेमका कोणापर्यंत पोचला?

मित्रहो,

आरक्षण असावं की नसावं, यावर तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलं असेल. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: असावं, आणि अजून बराच काळ असावं. पण आज मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर. आरक्षणामुळे कोणत्या समाजाचं नेमकं काय झालं? 'मागासवर्गीयांचा फायदा झाला, खुल्या वर्गाचं नुकसान झालं' असं आपण एका वाक्यात उरकतो आणि तिथेच घोटाळा होतो. मागासवर्गीय हा काही एक समाज नाही. एकाच यादीत शेजारी शेजारी असलेल्या दोन जातींची आजची अवस्था पाहा. एकीच्या तीन पिढ्या सरकारी नोकरीत असतात, दुसरीच्या वस्तीत पहिला पदवीधर अजून व्हायचा असतो. माझं बोलणं मुख्यतः या दुसरीबद्दल आहे.

आधी जे साधलं ते पाहू. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वसतिगृहं काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. नोकरीत जागा आणि त्या जागेपर्यंत पोचायची सोय या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. आपण पुढे त्या वेगळ्या केल्या, आणि त्याचे परिणाम आज भोगतो आहोत. तरीही देशात १९६१ साली अनुसूचित जातींमधली साक्षरता जेमतेम १० टक्के होती, ती २०११ च्या जनगणनेत ६६ टक्क्यांवर गेली. याचं सगळं श्रेय आरक्षणाला देता येणार नाही; शाळा वाढल्या, शिष्यवृत्त्या आल्या. पण 'शिकून करायचं काय?' असं विचारणाऱ्या बापाला आरक्षणाने उत्तर दिलं. गल्लीतला एक जण तलाठी झाला की चार घरं पोरांना शाळेत ठेवायची, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

गुणवत्ता घसरते, हा आक्षेप नेहमीचा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातली आकडेवारी तपासली. जिथे अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी जास्त, तिथे उत्पादकता कमी, असं काही त्यांना आढळलं नाही. उलट वरच्या पदांवर हे प्रमाण जिथे जास्त होतं तिथे परिणाम चांगला दिसण्याची चिन्हं होती. रेल्वे ही देशातल्या सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्या संस्थांपैकी एक, म्हणून मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो.

आता खुला वर्ग. ज्या मुलाला दोन-चार गुणांनी प्रवेश हुकतो त्याचं दुःख खरं आहे, त्याची टिंगल करू नये. पण हिशेब नीट मांडावा. जागा शंभर आणि अर्ज दहा हजार असतील, तर आरक्षण असो वा नसो, नऊ हजार नऊशे मुलं घरी जाणारच. त्यातल्या हजारोंना मात्र वाटतं की गेलेली जागा आपलीच होती. मरियान बर्ट्रांड, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी एका राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. राखीव जागेवर आलेली मुलं खरोखरच गरीब घरांतली होती, आणि ज्यांचा प्रवेश हुकला ती तुलनेने सुस्थितीतली होती. राखीव जागेवर शिकलेल्यांची कमाईही पुढे वाढली. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा फारशी होत नाही: फक्त जातीवर आधारलेल्या आरक्षणाने एकूण मुलींची संख्या कमी झाली. राखीव जागांवरही मुलगेच पुढे आले. एका अन्यायावर उपाय करताना दुसऱ्याकडे पाहिलं नाही, तर असं होतं.

मुलींचा विषय निघाला आहे तर तो इथेच पुरा करतो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. सरपंचबाई सही करतात आणि कारभार नवरा पाहतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण मुंबई महापालिकेच्या प्रभागांचा रिखिल भावनानी यांनी केलेला अभ्यास पाहा. प्रभाग एकदा महिलांसाठी राखीव झाला आणि पुढच्या निवडणुकीत खुला झाला, तर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे पाच वर्षांत कार्यकर्त्या तयार झाल्या, मतदारांनाही सवय झाली. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत सलग दोन कार्यकाळ प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, बाईकडे राहिलं, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत नाहीशी झाल्याचं संशोधकांना दिसलं. राखीव पद एकाच बाईचं होतं, पण तिच्याकडे बघत गावातल्या पोरी शाळेत टिकल्या.

आता अवघड भागाकडे येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि सगळ्यांना मिळून १३ टक्के. त्यात महार समाज पुढे गेला, मातंग आणि इतर अनेक जाती मागे राहिल्या, ही तक्रार जुनी आहे. ती खरी आहे, पण तिचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. कोणी कोणाचं चोरलेलं नाही. महार समाज लष्करात, गिरण्यांत, रेल्वेत आधी गेला, गावगाड्यातून आधी बाहेर पडला. त्याला बाबासाहेबांची चळवळ मिळाली, १९५६ साली त्याने धर्मांतर केलं, आणि शिक्षण हा या चळवळीचा श्वास होता. मातंगांचं दोरखंड, केरसुण्या, वाजंत्री हे काम गावाला बांधलेलं राहिलं. स्पर्धा सुरू झाली तेव्हा दोघे एका जागी उभे नव्हते. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायची, म्हणजे आतल्या जातींचे गट पाडून वेगळा वाटा ठरवायची, मुभा राज्यांना दिली. मी त्या निकालाच्या बाजूने आहे. पण एक भीती बोलून दाखवतो. मागे राहिलेल्या जातीसाठी वेगळी जागा ठेवायची आणि त्या जागेवर यायला पात्र मुलगाच नाही म्हणून ती रिकामी सोडायची, असं झालं तर दोन्ही समाज एकमेकांचे शत्रू होतील आणि हाती काहीच लागणार नाही. वर्गीकरणाच्या आधी त्या वस्त्यांत वसतिगृह आणि शिष्यवृत्ती पोचली पाहिजे.

ओबीसींचं चित्र याहून ठळक आहे. २०१७ साली ओबीसींच्या उपवर्गीकरणासाठी न्यायमूर्ती रोहिणी आयोग नेमला गेला. केंद्रीय नोकऱ्या आणि प्रवेश यांची त्यांनी जी छाननी केली, त्यात सुमारे ९७ टक्के लाभ पाव हिस्सा जातींकडे गेल्याचं दिसलं, आणि ९८३ समाजांच्या वाट्याला एकही जागा आलेली नव्हती. क्रीमी लेयर, म्हणजे सुस्थितीतल्या घरांना वगळायची अट, उत्पन्नावर चाळण लावते, पण ज्या जातीत पदवीधरच नाहीत तिथे ती चाळण कोणाला लावणार?

महाराष्ट्राने हा प्रश्न थोडा आधी ओळखला. भटक्या-विमुक्तांसाठी वेगळे प्रवर्ग केले: विमुक्त जातींना ३ टक्के, भटक्या जमातींच्या ब, क, ड गटांना अडीच, साडेतीन आणि २. ब्रिटिशांनी १८७१ साली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कायद्याने पुसला, ते हे लोक. केंद्राच्या परीक्षांना मात्र यांतली बहुतेक मुलं ओबीसींच्या २७ टक्क्यांतच लढतात. याद्यांचा गोंधळ तर विचारू नका. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, आपल्याकडे विमुक्त जात. कैकाडी समाज विदर्भाच्या बऱ्याच भागात अनुसूचित जातीत मोडतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्तांत. सख्ख्या बहिणी दोन जिल्ह्यांत दिल्या तर त्यांच्या मुलांचे प्रवर्ग वेगळे.

आणि प्रवर्ग ठरला तरी कागद कुठून आणायचा? बारावी झालेली, अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बसलेली भटक्या समाजातली मुलगी घ्या. तिला जातीचा दाखला लागतो, घर सुस्थितीतलं नसल्याचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा द्यायचा: पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल. ज्यांचं पाल दर पंधरा दिवसांनी पुढच्या गावाला जात होतं, त्यांची नोंद कोणत्या गावच्या कोतवाल बुकात सापडणार? पणजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून तर हे आरक्षण आहे, आणि ते मिळवायला त्यांच्या शाळेचाच कागद मागायचा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाकडे वैधता असेल तर काम बरंच सोपं होतं. याचा परिणाम लक्षात घ्या: ज्या घरात एकदा लाभ पोचला तिथे पुढच्यांना वाट मोकळी, ज्या घरात कोणीच शिकलं नाही तिथे प्रत्येक पिढी पुन्हा उंबऱ्याबाहेर. प्रवेशाची मुदत संपते, मुलगी खुल्या वर्गातून फी भरू शकत नाही, आणि त्या वर्षी ती जागा दुसऱ्या कोणाला तरी जाते. असं गेलेलं वर्ष कुठल्याही अहवालात मोजलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पडताळणी नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. आदिवासींच्या जागा खोट्या दाखल्यांवर किती बळकावल्या गेल्या ते आपल्याला माहीत आहे. अशा नोकरीला संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१७ मध्ये स्पष्ट सांगावं लागलं. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्या हक्कासाठी ही चाळणी हवीच. पण ती लबाडाला अडवणारी असावी. पुराव्याचा भार एकट्या अर्जदारावर टाकण्याऐवजी समितीने स्वतः वस्तीवर जाऊन चौकशी करावी, आणि दहावीच्या आतच, शाळेतूनच हे काम उरकावं.

धर्माचा मुद्दा थोडक्यात सांगतो. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातींसाठी हिंदू असण्याची अट होती. शीख १९५६ साली आले, बौद्ध १९९० साली. म्हणजे केंद्राच्या सवलतींपासून धर्मांतरित बौद्ध ३४ वर्षं लांब राहिले. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांना वागवायची रीत बदलली, असं मला कुठे दिसलेलं नाही.

२०१९ साली आर्थिक दुर्बलांना १० टक्के मिळाले, त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले. मराठा समाजाच्या मागणीमागे शेतीची दुर्दशा आहे, ती खोटी नाही. २०१८ चा कायदा २०२१ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा आला. पण कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाचा प्रश्न दहा टक्क्यांत सुटणार नाही, हे त्या समाजातल्या तरुणांना प्रेमाने सांगायला नेत्यांनी तयार असायला हवं.

कारण ज्या नोकऱ्यांसाठी हे चाललं आहे त्याच आटत आहेत. शिपाई, सफाई कामगार, वाहनचालक ही पदं आता एजन्सीमार्फत भरली जातात. पहिल्या पिढीने आत पाऊल ठेवलं होतं ते याच पदांवरून. शिपायाचा मुलगा कारकून आणि कारकुनाची मुलगी डॉक्टर, हा प्रवास जिथून सुरू व्हायचा ती पायरीच काढून घेतली, आणि ज्या जाती आता कुठे तिथवर पोचत होत्या त्यांनाच त्याचा फटका बसला. कंत्राटी भरतीला प्रवर्गनिहाय बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, लागू करा, ही मागणी म्हणून मला सर्वांत तातडीची वाटते. खाजगी क्षेत्राची तयारी किती आहे तेही पाहिलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली.

२०२७ च्या जनगणनेत जातींची मोजणी करायचं केंद्राने ठरवलं आहे. ते आकडे नुसते 'ओबीसी इतके, अनुसूचित जाती इतक्या' असे येऊन उपयोगाचे नाहीत. पोटजातवार, तालुकावार, शिक्षण आणि नोकरीच्या माहितीसकट प्रसिद्ध झाले पाहिजेत. तोवर राज्याला एक काम आजही करता येईल. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात जात लिहिलेली असते, वैधता प्रमाणपत्राची प्रत जोडलेली असते. गेल्या वीस वर्षांत कोणत्या जातीची किती माणसं कोणत्या पदावर आली, हे त्यातून नावं गाळून मोजता येतं, आणि त्यासाठी नवा आयोग लागत नाही. जिल्हा परिषदेपासून सुरुवात करा, अशी मागणी आपल्या जिल्ह्यातून जायला हवी.