लिंबाची चव सालीत असते

नमस्कार श्रोतेहो.

सोलापूरकरांना लिंबाबद्दल काही सांगायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडे मटणाच्या ताटात कांद्याशेजारी लिंबाची फोड नसेल तर पाहुणा जेवायला सुरुवातच करत नाही, नुसता इकडेतिकडे बघत बसतो. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला दहा रुपये मोजून आपण लिंबं आणली, कुरकुर केली, पण आणलीच. एवढं सगळं असून मंडईत लिंबू घेताना आपण करतो काय? दाबून बघतो, रस आहे का एवढं चाचपतो आणि पिशवीत टाकतो. चवीची चौकशी कुणी करत नाही. आंबा घेताना केशर की हापूस यावर आपण भांडू, लिंबू मात्र नुसतं आंबट असलं की झालं.

माझं म्हणणं असं, की आंबटपणावरून लिंबाची परीक्षा होतच नाही. आपलं कागदी लिंबू घ्या नाहीतर मॉलमध्ये मिळणारं जाड सालीचं पिवळंधमक लिंबू घ्या, दोन्हींच्या रसात सायट्रिक आम्ल पाच ते आठ टक्क्यांच्या आसपासच असतं. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून पहिल्यांदा वेगळं काढलं ते हेच आम्ल. जीभ फक्त ‘आंबट’ म्हणून मोकळी होते. हे लिंबू ते लिंबू नव्हे, हे सांगतं नाक. आणि नाकाला जे लागतं ते रसात थोडं आणि सालीत फार असतं.

सालीवर बारीक बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या. लहानपणी वीज गेली की आम्ही मेणबत्तीसमोर लिंबाची साल दुमडून पिचकारी मारायचो. चर्रकन ठिणग्या उडायच्या आणि खोलीभर वास सुटायचा. तो वास म्हणजेच लिंबाची चव. त्या तेलात सर्वात जास्त असतं लिमोनिन, संत्र्याच्या सालीला वास येतो तो त्याच्याचमुळे. पण लिंबाला लिंबूपण येतं ते सायट्रल नावाच्या द्रव्यामुळे. सायट्रल तुमच्या ओळखीचं आहे. आपल्या कुंडीतल्या गवती चहाच्या तेलात मुख्य द्रव्य तेच असतं. म्हणून तर दूध न घालता केलेल्या चहात गवती चहा टाकला की लिंबू न पिळताही लिंबाचा भास होतो.

आता घरच्या घरी चव बघायची तर कशी? आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक परसात एखादं लिंबाचं झाड आहे, त्यामुळे वेगवेगळ्या जातीची लिंबं एका ताटात जमवणं सोपं गेलं. फळं एकाच दिवशी तोडायची. आधी साल नखानं खरवडून वास घ्यायचा. मग ग्लासभर पाण्यात थोडा रस आणि चिमूटभर मीठ घालायचं, साखर अजिबात नाही, कारण साखर सगळ्या लिंबांना सारखं करून टाकते. शेवटी सालीसकट पातळ चकती चावायची. मधेमधे ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास खाल्ला की जीभ पुन्हा ताळ्यावर येते. रस मात्र आधी काढून ठेवायचा नाही. आम्लातच सायट्रल मोडत जातं, म्हणून बाटलीतला रस कितीही चांगल्या लिंबाचा असला तरी शिळट लागतो. आणि पिळताना बी चिरडू द्यायची नाही, कडूपणा तिच्यात ठासून भरलेला असतो.

सुरुवात अर्थातच कागदीपासून. साल कागदासारखी पातळ, आत रस भरपूर आणि वास एकदम टोकदार. गवती चहाचा वास तर आहेच, पण त्यामागे किंचित राळेसारखा, हिरवा असा एक वास येतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही लिंबात एवढा नाही. मंद्रूपकडे आमच्या मामांच्या शेतात विहिरीच्या कडेला कागदीची जुनी झाडं आहेत. त्या झाडांनी मला एक गोष्ट शिकवली: हिरवं लिंबू आणि पिवळं लिंबू यांची चव दोन तऱ्हेची. पुरतं भरलेलं पण अजून हिरवं असलेलं फळ सालीनं झणझणीत, रसाला जरा हात आखडता. झाडावरच पिवळं झालेलं फळ रसानं गच्च, पण वास मवाळ, थोडासा फुलासारखा. मामी मटणाला हिरवं तोडून आणतात आणि सरबताला खाली पडलेलं पिवळं वेचतात. मंडईत ही निवड मिळत नाही, तिथे सगळं एकाच ढिगात. घरी झाड असण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच. एक लक्षात ठेवा, नुसत्या रंगावर जाऊ नका. लिंबाला पिवळं व्हायला रात्री गार पडाव्या लागतात. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, ऐन थंडीत, झाड कसं पिवळंजर्द दिसतं! वैशाखात तेच झाड पिकलेलं फळही हिरवटच ठेवतं.

आपल्या बाजारात कागदी लिंबू येतं त्यातलं बरंचसं सीमेपलीकडून, कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातून. सोलापूर–विजयपूर रेल्वेमार्गावरचं इंडी रोड स्टेशन तुम्हाला ठाऊकच असेल. तिथल्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जसं आपल्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालं. भीमेच्या अलीकडे पलीकडे माती तीच आणि ऊनही तेच, तेव्हा मामांच्या विहिरीवरच्या लिंबात आणि इंडीच्या लिंबात मला फरक सांगता येत नाही. जो सांगता येतो म्हणेल, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेलं साई शरबती हेही कागदीच, पण फळ मोठं, रस जास्त आणि खैऱ्या रोगाला सहसा बधत नाही. आमच्या शेजारच्या काकूंकडे ते आहे. सालीवर खरुजेसारखे डाग नाहीत म्हणून साल बिनधास्त किसून वापरता येते, आणि चवीच्या दृष्टीनं मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वास जुन्या झाडाच्या लिंबापेक्षा उणाच, हे मी काकूंच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्या अजून बोलतात माझ्याशी.

नर्सरीत ‘सीडलेस’ म्हणून जे कलम मिळतं, ते बहुतेक वेळा ताहिती जातीचं. या झाडात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. काटे कमी, फळ मोठं आणि गुळगुळीत, रस ढीगभर. चव? सभ्य. लग्नाच्या पंगतीला सरबत करायचं तर उत्तम, बिया गाळायचा त्रास नाही. दह्याच्या कोशिंबिरीत ते कुठे गेलं ते शोधावं लागतं.

जाड सालीच्या पिवळ्या लिंबाची, युरेका वगैरे जातींची, गोष्ट वेगळी. त्याच्या कोवळ्या पालवीवर आणि कळ्यांवर जांभळी झाक असते, त्यावरून झाड ओळखता येतं. सालीत सायट्रल भरपूर, पण कागदीतला तो राळेचा हिरवा वास नाही, त्यामुळे ते गोडसर, स्वच्छ वाटतं. केकात, खिरीत, श्रीखंडात साल किसून घालायची तर मी हेच घेईन. मटणावर नाही. या दोघांचा घोळ इंग्रजांच्या आरमाराला एकदा चांगलाच महागात पडला होता. जेम्स लिंड या डॉक्टरानं १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री आणि पिवळी लिंबं देऊन बरं केलं. पुढे १८६० च्या दशकात आरमारानं भूमध्य समुद्राकडच्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली कागदीसारखी लिंबं घेतली, कारण ती आपल्याच वसाहतीतली आणि आंबटपणात कुठे कमी नव्हती. क जीवनसत्त्व मात्र त्यांच्यात पिवळ्याच्या साधारण निम्मंच. त्यात रस साठवताना आणखी काही उडून गेलं, आणि बोटींवर स्कर्व्ही परत आली.

आता मेयर. कुंडीत लावायला हल्ली फार जण आणतात. फ्रँक मेयर या अमेरिकन वनस्पती-संग्राहकानं १९०८ मध्ये ते चीनमधून अमेरिकेत नेलं, त्याचं नाव त्याला चिकटलं. फळ नारिंगी छटेचं, साल मऊ, आंबटपणा कमी. एका मैत्रिणीच्या गच्चीवर मी याची साल खरवडून हुंगली आणि तिला म्हटलं, अगं, हे ओव्यासारखं का येतंय? पुढे वाचताना कळलं, मेयरच्या सालीतल्या तेलात थायमॉल असतं, आणि ओव्याला ओव्याचा वास देतं तेही थायमॉलच. तेव्हापासून मी मेयरची साल बारीक चिरून भज्यांच्या पिठात घालते. ओवा कमी लागतो. रस मात्र नुसता प्यायला बरा, आमटीत पिळला तर पत्ता लागत नाही.

साखरलिंबाबद्दल फार बोलत नाही. त्यात साखर भरून वाहते असं नाही. आम्ल जवळजवळ नसतंच, म्हणून जी काही साखर आहे ती जिभेला पोचते. आजारी माणसाला देतात. मला ते बेचव वाटतं. घरातल्या लहान मुलांना आवडतं, तेव्हा माझं मत सोडून द्या.

ईडलिंबाला मात्र थोडा वेळ द्यायलाच हवा. फळ हाताच्या पंजाएवढं, साल खडबडीत, आणि कापलं की सालीखाली पांढऱ्या गराचा जाड थर. रस आंबट, शेवटी कडवट. सरबताला घ्याल तर तोंड वाकडं कराल. याची खरी चव कळायला थांबावं लागतं. आमच्याकडे याच्या फोडी करून मीठ चोळून चिनी मातीच्या बरणीत भरतात, दादरा बांधतात आणि बरणी मे महिन्यात गच्चीवर ठेवतात. सोलापूरचा मे, त्रेचाळीस अंशांचं ऊन. पहिल्या आठवड्यात फोड चावली तर पांढरा गर कापसासारखा लागतो आणि कडू. हळूहळू तो खार पितो, पांढरा रंग जाऊन मधासारखा पारदर्शक होतो, फोड बोटांत दाबली की साल आपोआप तुटते. मग मोहरी, मेथी, तिखट. कागदीचं लोणचं लवकर मुरतं आणि लवकर संपतं, त्याच्या पातळ सालीत मुरायला आहेच काय! ईडलिंबाच्या त्या पांढऱ्या गरालाच लोणच्याची चव धरायला जागा असते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ईडलिंबाची एक फोड असली की दुसरं कालवण नसलं तरी माझं काही अडत नाही.

लिंबांमध्ये हा पांढरा गर कुठून आला, तर घराण्यातून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवून दिलं, की कागदी आणि पिवळं लिंबू या दोघांचा बाप एकच, महाळुंग. आया वेगवेगळ्या: कागदीची आई एक रानटी, बारीक फळाची जात, पिवळ्याची आई कडू नारिंग. महाळुंग म्हणजे जवळजवळ नुसती साल आणि गर, रस नावापुरता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते हेच फळ. दर्शनाला गेलात तर उजव्या खालच्या हाताकडे बघा.

आता शेवटचा मुद्दा, कारण मला माहीत आहे तुम्ही हाच विचारणार: लावायचं कुठलं? परसात जागा एकाच झाडाची असेल तर कागदी, यात दुमत नको. त्याच्या बीतून बहुतेक वेळा आईसारखंच झाड येतं, कारण त्यातले बरेचसे अंकुर आईच्याच पेशींतून तयार होतात. ज्या झाडाचं लिंबू जिभेला पटलं, त्याचीच बी लावा. फळ धरायला चार-पाच वर्षं लागतील, तेवढा दम धरा. दुसऱ्या झाडाची जागा असेल तर ईडलिंबू. कुंडीच असेल तर मेयर. आपली जमीन चुनखडीची, त्यामुळे पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय असं समजा आणि शेणखताचा हात सैल सोडा.

कलम लावलं असेल तर आणखी एक सांगते. कलमं बहुतेक जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. लोक मला म्हणतात, “ताई, पहिली दोन वर्षं लिंबू चांगलं होतं, आता फळ फोपसं येतंय, चव गेली.” चव गेलेली नसते. वरचं कलम उन्हानं किंवा पाण्याच्या ओढीनं जळून गेलेलं असतं आणि खालच्या खुंटाला फूट येऊन तोच झाड होऊन बसलेला असतो. तेव्हा बुंध्याशी वाका, कलमाचा जोड शोधा, आणि त्याच्याखालून फुटलेली प्रत्येक फांदी कोवळी असतानाच हातानं मोडून टाका. कात्रीनं कापलीत तर ती पुन्हा फुटते.

नमस्कार.