सूरसागरचा त्रिशूल

[सूरसागर, सकाळ]
बडोद्याचा सूरसागर. तळ्याच्या मधोमध उभे महादेव. काठावर आजीने नातीला विचारलं, "त्रिशूल दिसतोय का गं?" नात म्हणाली, "कुठाय त्रिशूल?" दांडिया बाजारातल्या या घरात चौथीतल्या पोरीला चष्मा लागणार, हे तिथे कळलं. शाळेत ती पहिल्या बाकावर बसते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

[डोळा, अगदी जवळून]
हा तिचा डोळा. त्यावरचं पाणी बघा. त्यात लायसोझाइम असतं, जिवाणूंची भिंत फोडणारं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ साली जगापुढे मांडलं. एवढा पहारा असूनही पापणीच्या आतल्या पडद्यावर काही जिवाणू वस्तीला असतात: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम, क्युटिबॅक्टेरियम. त्यांना शत्रू समजू नका. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की एक कोरिनेबॅक्टेरियम डोळ्याची प्रतिकारशक्ती जागी ठेवतो आणि बुरशीला पाय रोवू देत नाही.

[प्रयोगशाळा]
लहान मुलाच्या डोळ्याला उगाच काडी लावायची नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. आमच्या कॅमेरामनने स्वतःचा डोळा पुढे केला. खालची पापणी ओढली, निर्जंतुक कापसाची काडी गुलाबी पडद्यावरून एकदा फिरवली, आणि ब्लड अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित जेलीच्या, बशीवर हलकेच ओढली. दुसऱ्या बशीवर त्याने नुसतं बोट टेकवलं. दोन्ही बशा ३७ अंशांवर ठेवल्या.

दोन दिवसांनी झाकणं उघडली. बोटाची बशी गच्च भरलेली. डोळ्याच्या बशीत पांढरे ठिपके, मोजून चार.

बशीत न वाढणारे जिवाणू डीएनएवरून ओळखतात. पण डोळ्यावरचा ऐवज इतका थोडा, की काडीवरची किंवा रसायनातली घाणही निकाल फिरवू शकते. म्हणून कोरी काडीसुद्धा तपासावी लागते. अशा तपासण्यांतून चीनमधल्या संशोधकांना मायोपिया (दूरचं धूसर दिसणं, म्हणजेच मायनस नंबर) असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या डोळ्यांवरच्या वस्तीत फरक आढळले. मात्र फरक आधी पडला की नंबर आधी लागला, हे त्यावरून ठरत नाही. चष्मा काढून डोळे चोळणारं बोट काय घेऊन येतं, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

[डोळ्याची प्रतिकृती]
नंबर लागतो, कारण डोळा मागच्या बाजूला लांबत जातो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटरचा. त्यात एक मिलिमीटरची वाढ म्हणजे अडीच-तीनचा मायनस नंबर. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. नंबर फार वाढला तर दृष्टिपटल पातळ होतं, फाटूही शकतं.

[कमाटी बाग, संध्याकाळ]
लागलेला नंबर बाहेरच्या उजेडाने उतरत नाही. उजेडाचा मोठा फायदा नंबर लागायच्या आधी. म्हणून आता आजी धाकट्या नातवालाही बागेत आणते. तो पहिलीत आहे, त्याला त्रिशूल अजून दिसतो. "उन्हात काळे पडाल" म्हणणारी हीच आजी.

ती घड्याळ बघते. वीस मिनिटं झालीत.

"खेळा रे अजून."