शेजारचा वाफाही बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

शिवार फेऱ्यांचे, पीक प्रात्यक्षिकांचे दिवस आले की संशोधन केंद्रावर एक चित्र हमखास दिसतं. नव्या वाणाच्या वाफ्याभोवती माणसांचं कोंडाळं पडलेलं असतं. कुणी कणीस हातात धरून दाणे मोजतंय, कुणी फोटो काढतंय, कुणी बियाणं कधी मिळणार ते विचारतंय. आणि तिथून तीन पावलांवर दुसरा एक वाफा असतो. त्यात जुनं वाण, रोजचं खत, रोजची मशागत. त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. आज मला त्या वाफ्याबद्दल बोलायचं आहे, कारण अख्ख्या शिवारात मला तो सगळ्यात जास्त बोलका वाटतो.

त्याला तुलनेचा वाफा म्हणतात. नवं काही न करता जे पिकलं असतं, ते तो दाखवतो. नव्या वाफ्यातलं पीक छातीइतकं वाढलंय, पण शेजारचं जुनं पीकही छातीलाच लागत असेल, तर श्रेय वाणाचं की त्या वर्षीच्या पावसाचं? हे शेजारी बघितल्याशिवाय कळणारच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक फेरी मला अजून आठवते. पानांवर फवारायच्या एका नव्या औषधाचं प्रात्यक्षिक होतं. फवारलेला तुकडा काळाभोर हिरवा, न फवारलेला पिवळसर. आम्ही सगळे बघतच राहिलो. आमच्यात एक वयस्कर बाई होत्या. त्या काही न बोलता बांधाच्या कडेनं वरपर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि माहिती देणाऱ्याला त्यांनी एकच विचारलं, "दादा, या तुकड्याला पाणी कुठनं येतं?" तेव्हा ध्यानात आलं. हिरवा तुकडा उताराच्या खालच्या अंगाला होता. वरच्या रानातली माती आणि ओल वर्षानुवर्षं त्याच जागी येऊन साचत होती. औषध चांगलं होतं की वाईट, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं. एक तुकडा हा, एक तुकडा तो, एवढ्यावर जमिनीचा गुण आणि औषधाचा गुण वेगळा काढताच येत नाही.

एकाच रानात किती फरक असतो, याचं एक जुनं मोजमाप आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या मर्सर आणि हॉल या दोघांनी 1910 साली एक एकर गहू घेतला. वरवर पाहता सगळीकडे सारखाच. बी एक, खत एक, मशागत एक. कापणीच्या वेळी त्यांनी त्या एकराचे 500 बारके तुकडे पाडले आणि प्रत्येकाचे दाणे वेगळे तोलले. एका तुकड्यात सव्वा किलोच्या आसपास दाणे भरले, तर दुसऱ्या एकात सव्वादोन किलोच्या वर. कुठलाही उपचार, म्हणजे वेगळं खत, औषध किंवा वाण, न देता जवळजवळ दुपटीचा फरक! म्हणजे चांगल्या तुकड्यात एखादं नवं खत टाकून वाईट तुकड्याशी तुलना केली असती, तर खताची वाहवा झाली असती आणि खतानं काडीचंही काम केलेलं नसतं.

यावरचा उपाय पुढे त्याच केंद्रात पक्का झाला. 1919 मध्ये रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ तिथे रुजू झाले. त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एकच उपचार एका जागी न देता अनेक जागी द्यायचा, आणि कोणता उपचार कोणत्या वाफ्याला ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, माणसाच्या मर्जीनं नाही. कारण प्रयोग करणाऱ्याचं मन नकळत चांगल्या जागेकडे ओढ घेतं. आज जगभरच्या शेती प्रयोगांची मांडणी याच पायावर उभी आहे. तेव्हा फेरीत तुम्हाला एखादा वाफा आवडला, तर जरूर विचारा की याचे आणखी वाफे कुठे कुठे आहेत. चार असतील तर चारही दाखवा म्हणा. सगळीकडे तो शेजाऱ्यापेक्षा सरस दिसला, तर बोलण्यात दम आहे. आणि बघताना वाफ्याच्या मध्यात शिरा. कडेच्या ओळींना ऊन, वारा आणि मुळांना पसरायला जागा जास्त मिळते. तिथली झाडं नेहमीच दणकट दिसतात आणि नेमकी तीच आपल्या नजरेत भरतात.

रॉथॅमस्टेडचीच आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे ब्रॉडबॉक नावाचं शेत आहे. 1843 पासून तिथे गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून आजपर्यंत ना शेणखत, ना रासायनिक खत. दीडशेच्या वर वर्षं तो पट्टा तसाच उपाशी ठेवलाय. अजूनही तो हेक्टरी साधारण एक टन गहू देतो. किती पिढ्यांना मोह झाला असेल, थोडं खत टाकून बघू म्हणून! पण तो पट्टा राखला म्हणूनच शेजारच्या पट्ट्यांत खतानं किती दिलं, हे छातीठोकपणे सांगता येतं.

आता संशोधनाच्या बातम्यांचं बघू. "उत्पादनात वीस टक्के वाढ" असं कानावर पडलं की आपला पहिला प्रश्न असावा, कशाच्या तुलनेत? काहीच न केलेल्या वाफ्याच्या तुलनेत, की आपण आज जे करतो त्याच्या तुलनेत? दुसरा प्रश्न हंगामांचा. एकाच वर्षाचा निकाल असेल तर मी तरी थांबतो. भरपूर पावसाच्या वर्षी जिंकलेलं वाण अवर्षणात पार आडवं झालेलं मी पाहिलंय. जमीन, पाणी आणि खर्च हे तर तुम्ही विचारताच, ते मी वेगळं सांगायला नको.

पण एवढं सगळं विचारलं तरी केंद्रातली जमीन ती केंद्रातली. ही अडचण सीमन नॅप या अमेरिकन माणसाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली होती. टेक्सासमध्ये कपाशीच्या बोंडांत सोंड खुपसणाऱ्या भुंग्यानं हाहाकार उडवला होता. सरकारी प्रात्यक्षिक शेतं होती, पण लोक म्हणायचे, सरकारच्या पैशानं कुणीही पिकवील. मग 1903 मध्ये टेरेल या गावाजवळ नॅप यांनी एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिक ठेवलं. कष्ट शेतकऱ्याचे, सल्ला नॅप यांचा. तोटा झालाच तर भरून देण्यासाठी गावकऱ्यांनी आधीच निधी जमवून ठेवला होता. त्या निधीला हात लावायची वेळच आली नाही, शेतकऱ्याला फायदा झाला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो निधी वाटते. नवं करून बघणाऱ्या एकट्याच्या माथी सगळी जोखीम मारायची नाही, हे त्या गावाला समजलं होतं.

इंडोनेशियातल्या भातशेतकऱ्यांनी तर याच्याही पुढचं पाऊल टाकलं. भातावर तपकिरी तुडतुडे पडायचे, की लोक फवारायचे. जितकं फवारावं तितके तुडतुडे वाढायचे. कारण साधं होतं. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या बुडाशी, खोडाला वेढून असलेल्या आवरणाच्या आत. फवारा तिथे पोचत नाही. तो पोचतो कोळ्यांपर्यंत, तुडतुडे खाणाऱ्या मित्रकीटकांपर्यंत. ते मेले की अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना रान मोकळं. 1986 मध्ये सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून गावोगावी शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एकदा, पूर्ण हंगामभर. सकाळी भातात उतरायचं, चूड बाजूला सारून बुंध्याशी काय आहे ते मोजायचं, मग मोठ्या कागदावर चित्र काढायचं. एका बाजूला शत्रू, एका बाजूला मित्र, मध्ये भाताचं रोप. कोळी खरंच तुडतुडा खातो का, अशी कुणाला शंका आली, तर दोघांना एका बरणीत ठेवायचे, वर जाळीचं कापड बांधायचं आणि बघत बसायचं. व्याख्यानानं जे पटलं नसतं, ते त्या बरणीनं पटवलं.

तर यंदा फेरीतून एखादी गोष्ट मनात भरून घरी आणलीत, तर ती सगळ्या रानात करू नका. दोन-तीन ठिकाणी पट्टे आखा. प्रत्येक नव्या पट्ट्याला लागून एक जुन्या पद्धतीचा पट्टा ठेवा, तेवढ्याच रुंदीचा, आणि दोन्ही पट्टे उताराच्या दिशेनं लांब जाऊ द्या, म्हणजे वरची हलकी जमीन आणि खालची भारी जमीन दोघांच्याही वाट्याला येईल. खुंट्या ठोका, कारण दोन महिन्यांनी कोणता पट्टा कोणता ते आठवत नाही, हे मी खात्रीनं सांगतो. खुरपणीला येणाऱ्या बायकांना पट्टे दाखवून ठेवा. तण कुठे जास्त, रोप कुठे माना टाकतंय, हे त्यांच्या ध्यानात आपल्या आधी येतं. काढणी एकाच दिवशी, माल सारखाच वाळवलेला, आणि वजन काट्यावर, अंदाजानं नाही.

जाता जाता एक कळकळीची विनंती. फेरीला जाताना आपल्या रानातलं रोगट झाड उघडं हातात धरून नेऊ नका. पिशवीत घट्ट बांधून न्या आणि तज्ज्ञांच्या हातात द्या. परत आल्यावर चपला-बुटांचा चिखल बांधाच्या अलीकडेच धुऊन टाका. मर रोगाची बुरशी, मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी हे सगळं चिखलातून चालत येतं. मररोगाची बुरशी एकदा जमिनीत शिरली, की वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून बसते. केळीच्या बागांनी हे फार सोसलंय.

आणि हंगाम संपला की तुमच्या पट्ट्यांचे आकडे एका कागदावर लिहून पुढच्या फेरीला सोबत आणा. नवं सरस ठरलं असेल तरी, फसलं असेल तरीही. फसलेलं तर जरूर आणा, शास्त्रज्ञांना ते फार क्वचित ऐकायला मिळतं. मागच्या वर्षी तुम्ही सांगितलेलं आमच्या हलक्या रानात असं असं आलं, एवढं त्यांच्यासमोर ठेवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

नमस्कार.