व्हाइट माउंटन्स : वहीत राहिलेल्या वाटा

[दृश्य : ढगात बुडालेली उघडी धार. वाट दाखवणाऱ्या दगडांच्या राशी एकामागून एक पुसट होत जातात.]

निवेदक : अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायर राज्यात, व्हाइट माउंटन्स ही डोंगररांग आहे. तिथलं सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, १,९१७ मीटर. उंचीचा आकडा साधा वाटतो. पण १९३४ साली याच माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. या डोंगरात जुन्या वाटा आहेत, जुने मुक्काम आहेत, आणि त्या सगळ्यांचं दप्तरही आहे. आज आपण ते दप्तर उघडणार आहोत.

सुरुवात क्रॉफर्ड घराण्यापासून. १८१९ साली एबल क्रॉफर्ड आणि त्यांचा मुलगा ईथन ॲलन या बापलेकांनी झाडी संपते तिथपर्यंत वाट तोडली. पुढे सगळी उघडी धार. ही वाट तेव्हापासून आजपर्यंत वापरात आहे. ईथन यांनी पुढे शिखरावर दगडी झोपड्या बांधल्या आणि तिथे शिशाचा लांब पत्रा नेऊन ठेवला, सोबत एक लोखंडी टोचा. वर पोचलेल्या माणसाने आपलं नाव त्यावर कोरायचं. पावसात कागद टिकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असणार.

आज हे आपल्याला कळतं ते ईथन यांच्या पत्नी ल्यूसी क्रॉफर्ड यांच्यामुळे. १८४६ साली त्यांचं या डोंगरांच्या इतिहासाचं पुस्तक छापून आलं. पुस्तकातला ‘मी’ ईथन आहेत, पण लेखणी ल्यूसींची. ऑस्टिन आडनावाच्या तीन बहिणी १८२१ च्या ऑगस्टअखेर शिखरावर पोचल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया म्हणून. ल्यूसींनी त्यांचीही आठवण लिहून ठेवली.

[दृश्य : धातूची नळी, तिच्यातून अलगद बाहेर काढली जाणारी वही.]

१८७६ साली बॉस्टनमध्ये ॲपलेशियन माउंटन क्लब स्थापन झाला आणि लिहून ठेवण्याच्या कामाला शिस्त आली. क्लबचं नियतकालिक त्याच वर्षी निघालं. शिखरांवर धातूच्या नळ्या ठेवल्या गेल्या, आत वही. नाव, तारीख, जमलं तर हवेबद्दल एखादा शब्द. एवढंच. मला विचाराल, तर छापील अहवालांपेक्षा या वह्या मोलाच्या आहेत. अहवाल घरी बसून लिहिला जातो. वहीतली ओळ गारठलेल्या बोटांनी तिथेच उमटलेली असते.

यातली एक ओळ नीट वाचायला हवी.

३० जून १९००. क्लबची बैठक माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावरच्या हॉटेलात ठरलेली. विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोघे क्रॉफर्ड वाटेने निघाले. कर्टिस साठी ओलांडलेले, न्यूयॉर्कच्या क्रीडाजगतातलं मोठं नाव. ऑर्म्सबी तिशीच्या आतले. वाटेत माउंट प्लेझंटच्या माथ्यावर त्यांनी नळी उघडली आणि वहीत सही केली. नावं, तारीख, आणि हवेची नोंद : पाऊस, ढग, ताशी साठ मैलांचा वारा, थंडी.

त्यानंतर दोघे पुढे चालत राहिले.

कर्टिस यांचा देह शिखराच्या अलीकडे, दोन छोट्या तळ्यांच्या परिसरात मिळाला. ऑर्म्सबी त्याहून बरेच वर, हॉटेलपासून थोड्याच अंतरावर. मदत आणायला ते एकटे वर निघाले असावेत, असं मानलं जातं. ती वही नसती तर दोघे वाट चुकले, एवढंच म्हणता आलं असतं. वही सांगते की ते वाटेवर होते, हवा किती बिघडली आहे हे त्यांना समजलं होतं, तरीही ते परतले नाहीत. मृत्यूच्या बातमीत हे आलं नसतं.

पुढच्याच वर्षी क्लबने त्या भागात एक छोटा लाकडी आसरा उभारला. तो फक्त वादळात सापडलेल्यांसाठी होता. लोक मात्र तिथे मुक्कामच करू लागले. शेवटी १९१५ साली जवळच, तळ्यांपाशी, दगडी मुक्कामघर बांधलं गेलं. ते आजही उन्हाळ्यात भरलेलं असतं.

[दृश्य : हाताने काढलेला जुना नकाशा. कॅमेरा एका वाटेवरून हळूहळू सरकतो.]

आता उत्तरेकडची शिखरं, आणि पायथ्याचं रँडॉल्फ गाव. इथे वाटा काढणारी माणसं एकापेक्षा एक वेगळी. यूजीन कुक बुद्धिबळाचे कूटप्रश्न रचायचे आणि सुट्टीत जंगलात वाटा शोधायचे. त्यांना धबधबे, खडक, दडलेली ठिकाणं हवी असत. रेनर एडमंड्स हार्वर्डच्या वेधशाळेतले. त्यांना सौम्य चढ हवा, एकसारखा, दम न लागणारा. आजही त्या डोंगरात चालताना चढ अचानक सोपा झाला, तर ती वाट बहुधा एडमंड्स यांची असते. लुई कटर यांनी १८८० च्या दशकापासून या वाटांचे नकाशे काढले आणि पुढे अनेक वर्षं ते सुधारत राहिले.

मग लाकूडतोड आली. १९०३ नंतरच्या काही वर्षांत उतारच्या उतार बोडके झाले आणि कित्येक वाटा फांद्यांच्या ढिगाऱ्याखाली गेल्या. त्या पुन्हा मोकळ्या करण्यासाठी १९१० साली रँडॉल्फ माउंटन क्लब उभा राहिला. सगळ्या वाटा काही परत आल्या नाहीत. ज्या गेल्या त्या कुठून जात होत्या, हे कटर यांचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की दिसतं : एका नकाशात रेघ आहे, पुढच्यात नाही. त्या मधल्या वर्षांत काय घडलं, तिथून खरा शोध सुरू होतो.

असा शोध घेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, नावं बदलतात. कर्टिस आणि ऑर्म्सबींनी सही केली ते माउंट प्लेझंट आजच्या नकाशात सापडणार नाही, कारण त्याला आता माउंट आयझनहॉवर म्हणतात. दुसरी, नाव तेच राहतं आणि इमारत बदलते. ‘पर्च’ हा एडमंड्स यांचा मुक्काम १९३८ च्या सप्टेंबरमधल्या चक्रीवादळात मोडला, तो पुन्हा उभारला १९४८ साली. क्रॅग कॅम्प १९०९ सालचा, पण आज तिथे दिसतं ते घर १९९३ सालचं. म्हणून एखाद्या जुन्या डायरीत ‘रात्री क्रॅग कॅम्पला राहिलो’ असं वाचलं, की आधी पानावरचं वर्ष बघायचं, आणि मगच ते घर डोळ्यांसमोर आणायचं.