उपडं भांडं आणि मोकळा गळा

मित्रहो,

गॉस्पेल या शब्दाला आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा शब्द आहे ‘शुभवर्तमान’. आनंदाची बातमी. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात आनंद पटकन सापडत नाही. गाणारीचा आवाज चिरकतो, ती एकाच शब्दावर अडून बसते, बाकांवरून कुणी हाक देतं, कुणी हुंदका देतं. मीही सुरुवातीला स्वतःला विचारलं होतं, ही उपासना आहे की आकांत? बरीच वर्षं ऐकल्यावर लक्षात आलं की त्या मंडळींनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्याच नाहीत. त्या वेगळ्या करा असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं. आज मी त्या दोन वेळांबद्दल बोलणार आहे.

पहिली वेळ गुलामगिरीच्या काळातली. 1831 साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकानं बंड केलं आणि त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांमध्ये कायदे कडक झाले. गुलामांनी गोऱ्यांच्या देखरेखीशिवाय प्रार्थनेला जमायचं नाही, असा दंडक आला. मग ही माणसं रात्री झाडीत, ओढ्याकाठी, कुणाच्या खोपटात जमू लागली. 1930 च्या दशकात, म्हातारपणी, जुन्या गुलामांच्या आठवणी टिपून घेतल्या गेल्या. त्यात एक गोष्ट अनेकांनी सांगितली आहे: दाराशी लोखंडी भांडं उपडं घालायचं, म्हणजे आवाज त्यात जातो, मालकाच्या घरापर्यंत पोहोचत नाही. काही ठिकाणी ओल्या गोधड्या टांगायचे.

भांडं खरोखर किती आवाज गिळत असेल, ही गोष्ट वेगळी. मला अडकवून ठेवते ती त्या माणसांची अडचण. मनातल्या मनात प्रार्थना केली असती तर कुणाला कळलंही नसतं, पाठीवर एक फटका पडला नसता. तरी त्यांना गळ्यातून आवाज काढायचाच होता. ज्याचं शरीर दुसऱ्याच्या मालकीचं आहे, ज्याचं मूल उद्या बाजारात विकलं जाऊ शकतं, त्याच्याकडे स्वतःचं असं काय उरतं? श्वास उरतो, आणि त्या श्वासाचा आवाज. तोच त्यांनी देवाला दिला.

त्या रात्रींमधून जी गीतं आली त्यांना ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतात. बायबलमधली इस्राएल लोकांची मिसरातून सुटका त्यांनी स्वतःची म्हणून गायली. क्रूसावरचा ख्रिस्त त्यांना ओळखीचा वाटला, कारण जमावानं झाडाला लटकवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. ‘माझ्या प्रभूला क्रूसावर दिलं तेव्हा तू तिथे होतास का?’ असं विचारणारं एक गीत आहे. हा प्रश्न ऐकणाऱ्याला केलेला आहे. त्याला नुसतं ऐकून सुटता येत नाही, साक्षीला उभं राहावं लागतं. 1936 साली हॉवर्ड थर्मन हे धर्मचिंतक आणि त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनी हेच गीत ऐकवायची विनंती केली होती.

स्पिरिच्युअल्स जगापुढे आली ती नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमुळे. गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेली ही संस्था कर्जात होती, म्हणून 1871 मध्ये ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ दौऱ्यावर निघाले. 1873 मध्ये ते इंग्लंडात राणी व्हिक्टोरियासमोर गायले. त्याच 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. या दोन गोष्टींना एकमेकींची खबर नव्हती. तरी शेजारी ठेवून पाहाव्यात अशा त्या आहेत.

आता दुसरी वेळ. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून उत्तरेकडे फार मोठं स्थलांतर सुरू झालं. शिकागोसारख्या शहरात कृष्णवर्णीयांची मोठमोठी चर्चेस उभी राहिली. तिथे वाद्यवृंद होते, हँडेल आणि मेंडेलसोन या युरोपीय संगीतकारांच्या रचना गाणारे तालमीतले गायकवृंद होते. प्रतिष्ठा हवी होती, आणि ती का हवी होती हे समजण्यासारखं आहे. गावाकडून आलेली बाई मात्र टाळी वाजवायची, पाय आपटायची, मध्येच ‘होय प्रभू’ म्हणायची. तिला नजरेनं दटावलं जाई. भांडं पुन्हा उपडं झालं, आणि या वेळी ते आपल्याच माणसांनी घातलं.

याच शहरात थॉमस डॉर्सी होता. 1899 मध्ये जॉर्जियात जन्मलेला, वडील उपदेशक. ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं तो ब्लूज वाजवायचा. मा रेनीसारख्या गायिकेच्या साथीला पियानोवर बसलेला माणूस. ब्लूज हे शनिवार रात्रीचं, दारूच्या अड्ड्यावरचं गाणं. त्याचे झुकते, अर्धवट खाली ओढलेले स्वर आणि त्याचा ठेका घेऊन डॉर्सी देवाची गीतं रचू लागला. अनेक पाळकांनी त्याला दार दाखवलं.

ऑगस्ट 1932 मध्ये तो सेंट लुइसला एका धर्मसभेत गायला गेला होता. घरी पत्नी नेटी बाळंतपणाला टेकली होती. सभेतच तार आली, नेटी गेली. घाईनं परतला तर मुलगा झालेला होता. तोही लगेच गेला. माय-लेकाला एकाच शवपेटीत पुरलं. देवानं आपल्यावर अन्याय केला, आता त्याच्यासाठी गाणं नको, असं डॉर्सीला वाटलं होतं, हे त्यानं स्वतः सांगितलंय. काही दिवसांनी तो एकटा पियानोवर बसला. एका जुन्या भक्तिगीताची चाल हाताखाली आली आणि तिच्यावर शब्द बसत गेले: ‘माझा हात धर’. हे त्याचं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’.

शब्द नीट पाहा. ‘का?’ हा प्रश्न त्यात नाही. देवानं घेतलं म्हणजे बरंच केलं असेल, अशी समजूतही नाही. मी दमलोय, मला बळ नाही, हात धरून घरी ने, इतकंच. डॉर्सीनं सुरुवातीला देवाला ‘ब्लेसेड’, म्हणजे ‘धन्य प्रभो’ म्हटलं होतं. त्याचा गायक मित्र थिओडोर फ्राय म्हणाला, नाही, ‘प्रेशस’, म्हणजे ‘मोलाचा’, म्हण. मला हा बदल फार मोठा वाटतो. ‘धन्य’ हा वेदीपाशी उभं राहून म्हणायचा शब्द. ‘प्रेशस’ हे आई मांडीवरच्या लेकराला म्हणते. ज्यानं नुकतंच लेकरू पुरलं, त्यानं तो शब्द देवाला दिला.

गॉस्पेलचा आध्यात्मिक अर्थ मी इथे शोधतो. देवापुढे जाण्याआधी आवाज धुऊन-पुसून न्यायचा नाही. शनिवारी रात्री ज्या गळ्यानं माणूस रडला, त्याच गळ्यानं रविवारी सकाळी गायचं. ख्रिस्ताचा देह जखमांसकट उठला असं जे मानतात, त्यांनी आवाजातल्या चिरा कशाला बुजवाव्यात?

आणि हे एकट्यानं करायचं नसतं. गाणारी ‘मी’ म्हणते, पण तो ‘मी’ बाकांवर बसलेल्या सगळ्यांचा असतो. ती अडखळली की मागून हाक येते, ‘सावकाश बाई, सावकाश’, ‘प्रभू, हिला सांभाळ’. ऑर्गन तिच्या श्वासामागोमाग चालतो. 1939 च्या सुमारास शिकागोच्या एका चर्चमध्ये केनेथ मॉरिसनं हॅमंड ऑर्गन आणला, तेव्हापासून हा विजेवरचा ऑर्गन त्या उपासनेचा जणू दुसरा उपदेशक झाला. शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, दहा वेळा, वीस वेळा. कुणाला पवित्र आत्म्याचा स्पर्श होतो आणि ते माणूस उठून नाचू लागतं, कोसळतं. पांढऱ्या पोशाखातल्या बाया पुढे होऊन त्याला सावरतात, पंख्यानं वारा घालतात. यासाठी चर्चमध्ये माणसं नेमलेली असतात, यातच बरंच काही आलं. कुणीतरी कोसळणार हे तिथे धरूनच चाललेलं असतं.

गायिका महालिया जॅक्सन या सगळ्याचं सर्वात मोठं रूप. 1911 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मली. स्वतः बाप्टिस्ट, पण शेजारच्या पेन्टेकॉस्टल पंथाच्या चर्चमधले ढोल, डफ आणि पायांचे ठेके कानांत घेऊन वाढली, बेसी स्मिथचं ब्लूजही ऐकलं. शिकागोला आल्यावर डॉर्सीची गीतं तिनं गावोगाव नेली. पैशाचं आमिष असूनही ब्लूज गायली नाही. 1971 मध्ये ती भारतात आली होती, मुंबईतही गायली.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं डॉर्सीच्या ‘प्रेशस लॉर्ड’ या गीतावर फार प्रेम होतं. 4 एप्रिल 1968 च्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये मोटेलच्या सज्जात उभे असताना त्यांनी खाली उभ्या असलेल्या बेन ब्रँच या वादकाला सांगितलं, आज रात्री सभेत हे गीत वाजव, चांगलं वाजव. पुढच्याच क्षणी गोळी आली. त्यांच्या अंत्यविधीला महालियानं ते गायलं. जानेवारी 1972 मध्ये महालिया गेली, तेव्हा शिकागोत तिच्यासाठी ते गायिका अरेथा फ्रँकलिननं गायलं. एका बापाचं घरातलं दुःख असं हातोहात पुढे गेलं.

आता मी थांबतो. महालियाचं तेच गीत लावणार आहे, पियानोवर मिल्ड्रेड फॉल्स आहेत. ठेका शोधू नका, तिनं तो सोडून दिलाय. ‘प्रेशस’ हा शब्द आला की ती त्याच्यापाशी किती वेळ थांबते, तेवढं ऐका. आणि ऐकताना कुणाला हाक द्यावीशी वाटली, तर इथे कुणी दटावणार नाही.