आईच्या खात्यावरचं तुमचं दुसरं नाव

नमस्कार श्रोतेहो. नोकरीच्या व्हिसावर नुकतेच अमेरिकेत आलेल्या मंडळींसाठी आजचं हे बोलणं.

क्रेडिट स्कोअरचं, म्हणजे उधारी वेळेवर फेडण्याच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांचं, तुम्हाला ऑफिसातलं कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगतं. भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा चालत नाही, पाटी कोरी असते. दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर फक्त किराणा घ्या आणि पूर्ण बिल वेळेवर भरा. साधारण सहा महिन्यांत फायको स्कोअर, म्हणजे इथला प्रचलित क्रेडिट स्कोअर, दिसू लागतो. एवढं पुरे.

मला काळजी वाटते ती भारतातल्या खात्यांची, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. इथे ठरावीक दिवस राहिलात की करापुरते तुम्ही इथले रहिवासी होता आणि जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. मुदत ठेवीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, सगळं. एनआरई खात्याचं, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्याचं, व्याज तिकडे करमुक्त म्हणून लोक ते धरतच नाहीत; इथे त्यावर कर लागतो. भारतात भरलेला कर फॉर्म १११६ भरून, मर्यादेत, इथल्या करातून वळता करून घेता येतो. मात्र बँकेचा व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे पासबुक समोर घेऊन नोंदी स्वतःच जुळवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट एफबारची, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याच्या फॉर्मची. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ही माहिती ऑनलाइन द्यायची. यात कर लागत नाही, पण लपवलं तर दंड जबर आहे. आईच्या पेन्शनच्या खात्यावर सोय म्हणून तुमचं दुसरं नाव असतं ना? पैसे तिचे असले तरी ते खातं यात धरावंच लागतं, आणि तेही पूर्ण रकमेनं. दरवर्षी हेच नेमकं राहून जातं, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

एफबारची मुदत १५ एप्रिलची. चुकली तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. मागची वर्षं राहिली असतील तर नोटिशीची वाट पाहू नका. उशिरा भरण्याचीही सोय आहे. दोन्हीकडचे नियम जाणणारा सीपीए, म्हणजे इथला परवानाधारक लेखापाल, गाठा.